शितावरून पंगतीची परीक्षा

गेल्या दिवाळींत आमचा एक भाचा पुण्याहून चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासांत हुषार, आणि संगणकावरील खेळांत त्याहूनहि हुषार. आजीनें दिवाळीचे म्हणून त्याच्या हातावर जे पैसे ठेवले, त्यांतून त्यानें एक ऑनलाइन खेळ विकत घेतला. घेण्यापूर्वीं त्यानें त्या खेळाची फुकट वानगी, जिला हल्लीं सर्वत्र 'डेमो' म्हणतात, ती दोन संध्याकाळ मनसोक्त खेळून पाहिली होती. म्हणजे डोळे मिटून व्यवहार केलेला नव्हता. पुढें संक्रांतीच्या सुमारास आम्ही पुण्यास गेलों, तेव्हां सहज विचारलें, "काय रे, तुझ्या त्या खेळाचं कसं काय चाललं आहे?" तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मामा, खेळ अजून छान आहे हो. पण खेळायला माणसंच नाहींत. दहा दहा मिनिटं वाट बघतो आणि मग बंद करतो."

ह्या उत्तरानें आम्ही विचारांत पडलों. मुलानें पैसे उधळले असें म्हणावें, तर त्यानें वस्तु पारखून घेतली होती. विकणारानें फसविलें असें म्हणावें, तर वानगींत जें दाखविलें तेंच पुढें दिलें होतें. तरीहि खरेदी वाया गेली. शितावरून भाताची परीक्षा होते, हें आपल्या घरांतील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पण शितावरून पंगतीची परीक्षा होते काय? भात शिजला आहे कीं नाहीं हें शीत सांगेल. शेजारच्या पानावर कोणी येऊन बसणार कीं नाहीं, हें तें कसें सांगणार? अनेकांनीं मिळून खेळावयाच्या ऑनलाइन खेळाची छोटीशी फुकट वानगी तो खेळ विकूं शकते काय, हा प्रश्न खेळ तयार करणाऱ्यांच्या धंद्यांत पुष्कळ वर्षांपासून चर्चिला जात आहे. परंतु तो केवळ त्यांचाच आहे असें नाहीं. ज्या घरांत मुलें आहेत त्या घराच्या दाराशीं हा खर्च आज ना उद्यां येणारच. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वानगीची जुनी चाल

वानगी देऊन माल विकणें ही चाल बाजाराइतकीच जुनी आहे. आंबेवाला फोड कापून देतो, अत्तरवाला मनगटाला फाया लावतो. संगणकावरील खेळांत ही चाल अमेरिकेमध्यें 'शेअरवेअर' ह्या नांवानें रूढ झाली. अ‍ॅपोजी ह्या संस्थेच्या स्कॉट मिलर यांनीं १९८७ च्या सुमारास तिला एक नवें वळण दिलें. खेळाचे भाग पाडावयाचे; पहिला भाग कोणीहि फुकट घ्यावा, मित्रांना वाटावा; आणि पुढचे भाग हवे असतील त्यानें पैसे पाठवून मागवावे. १९९० मध्यें 'कमांडर कीन' आणि १९९२ मध्यें 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' हे खेळ ह्याच रीतीनें घरोघर पोंचले.

ह्या सर्वांवर कळस चढविला तो 'डूम' ह्या खेळानें. टेक्सासमधील आयडी सॉफ्टवेअर ह्या लहानशा मंडळीनें १० डिसेंबर १९९३ रोजीं त्याचा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवावयाचें ठरविलें, तेव्हां तो घेण्यासाठीं वाट पाहणाऱ्यांची तेथें एवढी दाटी झाली होती कीं, खुद्द देणारालाच आंत शिरण्यास वाव मिळेना! तीन भागांत मिळून २७ नकाशे होते. त्यांपैकीं पहिल्या भागांतील ९ फुकट. बाकीच्यांसाठीं सुमारें ४० डॉलर पाठवावे लागत. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, एका जाळ्यावरील चार संगणकांवर चौघांनीं एकमेकांविरुद्ध खेळण्याची सोय त्या फुकट भागांतच होती. आरंभींच्या आवृत्तींत तर ह्या खेळाच्या संदेशांनीं कचेऱ्यांचीं जाळीं तुंबूं लागलीं आणि कांहीं विद्यापीठांना व कंपन्यांना त्यावर बंदी घालावी लागली.

हा नमुना खपला, त्याचें कारण नीट पाहिलें पाहिजे. नऊ नकाशे म्हणजे घासभर चव नव्हे. तें पोटभर जेवण होतें. शिवाय खेळगडी शोधावयास कोठें दूर जावें लागत नव्हतें. ते शेजारच्याच टेबलावर बसलेले असत. तिघांनीं पुढचे भाग विकत घेतले, म्हणजे चौथ्याची पंचाईत होई. कारण त्या भागांतील नकाशांवर एकत्र खेळावयाचें तर प्रत्येकाजवळ विकत घेतलेली प्रत लागे. मित्रांच्या घोळक्यांत मागें राहण्याची लाज जाहिरातीहून अधिक काम करी. म्हणजे डूमची वानगी पंगतीसकट वाटली गेली होती.

उलट बाजू

हें उदाहरण ऐकून कोणी म्हणेल, मग प्रत्येकानें वानगी द्यावी. पण अनुभव इतका सरळ नाहीं. फेब्रुवारी २०१३ मध्यें अमेरिकेंतील डाइस परिषदेंत खेळांचे एक जाणते रचनाकार जेसी शेल यांनीं एक्सबॉक्स ३६० ह्या यंत्रावरील खेळांच्या विक्रीचे आलेख मांडले. ज्या खेळांची केवळ झलक, म्हणजे 'ट्रेलर', दाखविली होती आणि वानगी दिली नव्हती, ते सर्वांत अधिक खपलेले दिसत होते. वानगी देणारे त्यांच्या मागें होते. शेल यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, झलक पाहून मनुष्याची उत्सुकता वाढते, आणि वानगी खेळून ती शमते. एकदां उत्सुकता शमली म्हणजे हात खिशाकडे कशाला जाईल?

ह्या आलेखांवरून वानगीमुळेंच विक्री घटली असें सिद्ध होत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवलें पाहिजे. मोठ्या भांडवलाच्या, आधींच गाजलेल्या खेळांना वानगीची गरज भासत नाहीं आणि त्यांची झलक मात्र सर्वत्र झळकते. त्यामुळें तुलना समान पायावर होत नाहीं. तरीपण शेल यांच्या म्हणण्यांत व्यवहाराचें एक सत्य आहे. गोष्टीरूप, एकट्यानें खेळावयाच्या खेळाची वानगी कधीं कधीं गोष्ट सांगून टाकल्यासारखी होते.

दुसरा धोका फार मोठी वानगी देण्याचा. २००२ सालीं स्वीडनमधील डाइस ह्याच नांवाच्या मंडळीनें 'बॅटलफील्ड १९४२' हा महायुद्धावरील खेळ तयार केला. त्याच्या अनेकांनीं मिळून खेळावयाच्या वानगींत वेक बेटावरील एकच रणांगण दिलेलें होतें, पण वेळेची मर्यादा नव्हती. त्या एका बेटावर लोक इतके रमले कीं, पूर्ण खेळ बाजारांत आल्यावरहि पुष्कळजण फुकट बेटच दीर्घ काळ खेळत राहिले. तो खेळ मुळांतच जोरदार असल्यामुळें खपला. परंतु एखाद्या लहान मंडळीच्या बाबतींत असें झालें, तर तिचे अर्धे गिऱ्हाईक दाराबाहेरच्या ओट्यावरच जेवून परत जातील आणि आंतील पंगत ओस पडेल.

येथें माणूसच माल आहे

येथपर्यंत आपण खेळाची वानगी म्हणजे मालाची वानगी असें धरून चाललों. पण ऑनलाइन सामुदायिक खेळांत माल कोणता? चित्रें, नाद, शस्त्रें, नकाशे हें सर्व साहित्य झालें. खरा माल म्हणजे समोर बसलेला मनुष्य. बुद्धिबळाचा पट चंदनी असला म्हणून काय झालें? प्रतिस्पर्धी नसेल तर तो शोभेचा लांकडी तुकडा. आणि हा माल कारखानदार आपल्या कारखान्यांत तयार करूं शकत नाहीं. गिऱ्हाइकांनींच तो एकमेकांना पुरवावयाचा असतो.

ह्याचा हिशेब करून पाहावा. समजा, एका डावाला दहा माणसें लागतात, आणि एका वेळीं साऱ्या जगांत त्या खेळावर २४० माणसें बसलीं आहेत. आकडा वाईट दिसत नाहीं. परंतु संदेश पोंचण्यास उशीर होऊं नये म्हणून आशिया, युरोप आणि अमेरिका असे तीन विभाग पाडावे लागतात. राहिलीं प्रत्येकीं ८०. खेळाचे चार प्रकार असतील, तर प्रत्येक प्रकाराला २०. त्यांत नवशिक्याची गांठ नवशिक्याशीं पडावी म्हणून दोन गट केले, म्हणजे उरलीं १०. एक डाव जेमतेम भरतो, आणि तो चालूं असतांना अकरावा मनुष्य आला तर त्यानें वाट पाहत बसावयाचें. तो पांच मिनिटें बसतो, सातव्या मिनिटाला उठून जातो आणि बहुधा पुन्हां येत नाहीं. त्याच्या जाण्यानें दुसऱ्याचें थांबणें लांबतें. अशा रीतीनें एक एक पान उठत जाऊन पंगत मोडते. आमच्या भाच्याच्या बाबतींत घडलें तें हेंच.

आतां ह्या हिशेबांत छोटीशी वानगी कोठें बसते तें पाहावें. एकट्यानें खेळावयाच्या खेळाची वानगी कोणी मध्यरात्रीं उघडली काय किंवा पहाटे उघडली काय, अनुभव तोच येतो. सामुदायिक खेळाच्या वानगीचें तसें नाहीं. कोणी सोमवारीं दुपारीं आला, कोणी बुधवारीं रात्रीं आला. प्रत्येकजण रिकाम्या दालनांत डोकावून परत गेला. आणि प्रत्येकानें मनाशीं गांठ बांधली कीं, येथें कोणी येत नाहीं! वास्तविक आठवड्यांत हजार माणसें येऊन गेलेलीं असतील. अशा वेळीं वानगी न देणें बरें. कारण रिकामें दालन ही आपल्या खर्चानें केलेली उलटी जाहिरात होय.

एक तासाचा मुहूर्त

ह्या अडचणींतून एक मोठी युक्तीची वाट निंटेंडो ह्या जपानी कंपनीनें काढली. २०१५ सालीं 'स्प्लॅटून' नांवाचा अगदीं नवा खेळ ती बाजारांत आणीत होती. चौघे विरुद्ध चौघे, हातांत रंगाच्या पिचकाऱ्या, आणि तीन मिनिटांत ज्या पक्षाच्या रंगानें अधिक जमीन व्यापली तो विजयी. रंगपंचमी ठाऊक असलेल्या आपल्या मुलांना ह्याची ओळख करून देण्याची गरजच नाहीं! परंतु खेळाचें नांव नवें, पात्रें नवीं, आणि तो ज्या वी यू ह्या यंत्रावर चालावयाचा त्या यंत्राचा खपहि बेताचाच. म्हणजे पंगत रिकामी राहण्याचा धोका पुरेपूर होता.

कंपनीनें मे २०१५ च्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटीं त्याची वानगी दिली. पण ती कोणत्याहि वेळीं उघडणारी नव्हती. ठरलेल्या तीन वेळा, आणि प्रत्येक वेळीं फक्त एक तास. तो तास सुरू झाला कीं जगांतील ज्यांना ज्यांना उत्सुकता होती ते सर्व एकदम आंत. तास संपला कीं दार बंद. लग्नाला मुहूर्त असतो तो ग्रहांसाठीं असेल वा नसेल. पण त्याचा एक व्यावहारिक उपयोग निश्चित आहे. सर्व आप्तेष्ट एकाच घटकेला मांडवांत जमतात. निंटेंडोनें नेमकें हेंच साधलें. वानगी लहान होती हा दोष न राहतां गुण झाला. प्रत्येकाला भरलेला मांडव दिसला, तीन मिनिटांचे पंधरावीस डाव मिळाले, आणि हात ओला होतो न होतो तोंच दार लागल्यामुळें उत्सुकता शमण्याऐवजीं वाढली.

महिनाअखेरीस खेळ विक्रीस आला. पुढें वी यू यंत्रें जगभर सुमारें १ कोटि ३६ लाख विकलीं गेलीं आणि स्प्लॅटूनच्या सुमारें ४९ लाख प्रती खपल्या. म्हणजे दर तीन यंत्रांमागें एकाहून अधिक. हें सारें श्रेय त्या तीन तासांना देणें भोळेपणाचें होईल. खेळ मुळांतच सुबक होता. परंतु ती रीत कंपनीला मानवली एवढें खास. कारण मार्च २०१७ मध्यें 'स्प्लॅटून २' च्या वेळीं तिनें तसेच तास पुन्हां नेमले, आणि त्याच वर्षीं 'आर्म्स' ह्या मुष्टियुद्धाच्या खेळालाहि तीच वाट दाखविली.

रिकामा मांडव

मुहूर्त धरला म्हणजे माणसें येतातच, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. मे २०१६ मध्यें ब्लिझर्ड कंपनीच्या 'ओव्हरवॉच' ह्या खेळाची खुली चांचणी झाली, तींत कंपनीच्या सांगण्याप्रमाणें ९७ लाख माणसें खेळून गेलीं. त्याच सुमारास, त्याच प्रकारचा 'बॅटलबॉर्न' हा खेळहि आला. त्याचीहि खुली चांचणी एप्रिलमध्यें झाली होती. परंतु लोकांचा ओढा शेजारच्या मांडवाकडे होता. जानेवारी २०२१ मध्यें बॅटलबॉर्नचे सर्व्हर कायमचे बंद झाले. ज्यांनीं तो विकत घेतला होता, त्यांच्या जवळ एक न उघडणारें दार तेवढें उरलें.

ह्याहून बोलकें उदाहरण 'कॉन्कॉर्ड' ह्या खेळाचें. सोनी कंपनीच्या एका शाखेनें कित्येक वर्षें खपून तो तयार केला आणि ४० डॉलर किंमत ठेवली. जुलै २०२४ मध्यें त्याची खुली चांचणी झाली, तेव्हां स्टीम ह्या दुकानामार्फत एका वेळीं खेळणारांची संख्या २,४०० च्या आसपासच थांबली. फुकट असतां एवढींच माणसें आलीं, ह्याचा अर्थ स्पष्ट होता. पण मुहूर्त ठरला होता. २३ ऑगस्टला विक्री सुरू झाली आणि तोच आकडा सातशेंच्याहि वर गेला नाहीं. ६ सप्टेंबरला, अवघ्या दोन आठवड्यांत, खेळ बंद करून सर्वांचे पैसे परत करावे लागले. पुढें ती शाखाहि मोडली आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

येथें वानगी निष्फळ ठरली असें पुष्कळजण म्हणतात. आमचें मत निराळें आहे. वानगीनें आपलें काम चोख केलें. तिनें खरें तें सांगितलें. वानगी गर्दी निर्माण करीत नाहीं, असलेली गर्दी एकत्र आणून दाखविते. नसलेली गर्दीहि ती तितक्याच प्रामाणिकपणें दाखविते. ज्वर आला म्हणून आपण तापमापकाला दोष देत नाहीं.

पाहुण्यांनाहि त्याच पंगतींत

आतां एका उलट्या रीतीकडे वळूं. सहस्रावधि माणसें एकाच कल्पित जगांत वर्षानुवर्षें वावरतात, अशा खेळांना तासाची वानगी उपयोगाची नाहीं. त्या जगांतील ओळखी व्हावयालाच महिने लागतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्यें निघाला. त्यांत पुष्कळ दिवस मुदतीची वानगी असे. २०११ मध्यें कंपनीनें मुदत काढून टाकली आणि विसाव्या पायरीपर्यंत कोणीहि हवें तितके दिवस फुकट खेळावें असें ठरविलें.

ह्या रीतीचा पूर्ण विकास पाहावयाचा तर जपानमधील स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या 'फायनल फँटसी फोर्टीन' ह्या खेळाकडे पाहावें. २०१० सालीं तो प्रथम निघाला तेव्हां इतका फसला कीं, कंपनीनें तो मोडून, नाओकी योशिदा यांच्या देखरेखीखालीं नव्यानें बांधून, ऑगस्ट २०१३ मध्यें पुन्हां आणला. त्याच्या वानगीची मुदत आरंभीं चौदा दिवस होती. २०१७ मध्यें मुदत गेली आणि पस्तिसाव्या पायरीची मर्यादा राहिली. ऑगस्ट २०२० मध्यें ती साठावर आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें सत्तरावर नेली. म्हणजे मूळ खेळ व त्यावरील दोन मोठीं प्रकरणें, शेंकडों तासांचें साहित्य, फुकट!

मग पैसे देतो कोण आणि कशासाठीं? मौज येथेंच आहे. हे फुकटे पाहुणे वेगळ्या दालनांत बसविलेले नाहींत. पैसे भरणाऱ्यांच्याच पंगतींत त्यांचें पान मांडलेलें असतें. जुन्या माणसांना सोबती हवे असतात ते पाहुण्यांच्या रूपानें मिळतात, आणि पाहुण्यांना वाटाडे मिळतात. मात्र पाहुण्यांवर कांहीं नियम आहेत. त्यांना बाजारांत खरेदीविक्री करतां येत नाहीं, सर्वांना ऐकूं जाईल असें ओरडून बोलतां येत नाहीं, स्वतः टोळी उभारतां येत नाहीं, कोणत्याहि मंडळाचें सभासद होतां येत नाहीं, आणि खेळांतील नाणीं तीन लाखांपलीकडे साठवितां येत नाहींत. फुकट खातीं काढून नाण्यांचा काळाबाजार करणाऱ्यांना आळा घालणें हा ह्यांतील बहुतेक नियमांचा हेतु. पण परिणाम दुहेरी होतो. लढावयास, भटकावयास आणि गोष्ट ऐकावयास पाहुण्याला मोकळीक असते. जें अडतें तें मैत्रीचें. रोज भेटणाऱ्या सोबत्यांच्या मंडळांत आपलेंहि नांव असावें असें वाटूं लागलें, कीं तो आपण होऊन पैसे भरतो.

ह्या रीतीला किती यश यावें? डिसेंबर २०२१ मध्यें नवें प्रकरण निघाल्यावर एवढी झुंबड उडाली कीं, सर्व्हरवर जागा पुरेना. तेव्हां कंपनीनें वानगीची नवी नोंदणी तर थांबविलीच, पण खेळाची विक्रीहि जानेवारी २०२२ अखेरपर्यंत बंद ठेवली. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभें असतां दुकानदारानें फळी लावावी, असा प्रसंग ह्या धंद्यांत विरळाच.

आग्रहाचें आमंत्रण

लहान मंडळींजवळ एवढें साहित्य वाटावयास नसतें; त्यांच्यासाठीं आणखी एक मार्ग आहे, तो ओळखीचा. स्वीडनमधील हेझलाइट ह्या मंडळीचा 'इट टेक्स टू' हा मार्च २०२१ मधील खेळ दोघांनींच खेळावयाचा आहे. एकट्याला तो खेळतांच येत नाहीं. एकानें विकत घेतला, कीं त्याच्या मित्राला फुकट प्रत घेऊन त्याच्या बरोबर आरंभापासून अखेरपर्यंत खेळतां येतें. वरवर पाहतां अर्धे गिऱ्हाईक फुकट सोडलें. पण ह्या वानगींत रिकाम्या दालनाची भीति मुळींच नाहीं. जो आमंत्रण देतो तोच शेजारच्या पानावर बसलेला असतो. त्या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

'अमंग अस' हा अमेरिकेंतील तीनचार माणसांच्या मंडळीनें केलेला खेळ २०१८ मध्यें निघाला आणि दोन वर्षें जवळजवळ कोणाच्या लक्षांतहि आला नाहीं. मोबाइलवर तो जाहिरातींसह फुकट, आणि संगणकावर सुमारें पांच डॉलरना. पण दोन्ही दारें एकाच दालनांत उघडत. २०२० मध्यें करोनाच्या काळांत जग घरांत कोंडलें गेलें, नामांकित खेळाडूंनीं तो खेळतांना इतरांना दाखविला, आणि पाहतां पाहतां दालन तुडुंब भरलें. फुकट आलेल्यांनीं पंगत भरली म्हणूनच विकत घेणारांना ती गोड लागली.

सगळेंच फुकट कां नको?

येथें एखादा वाचक विचारील, मग वानगीचा खटाटोप कशाला? सगळा खेळच फुकट द्यावा आणि वरचे अलंकार विकावे. आज बहुतेक मोठ्या खेळांची हीच रीत आहे. 'टीम फोर्ट्रेस २' हा विकाऊ खेळ जून २०११ मध्यें फुकट झाला. 'फोर्टनाइट' सप्टेंबर २०१७ पासून फुकट. ओव्हरवॉचची जागाहि २०२२ मध्यें त्याच्या फुकट दुसऱ्या आवृत्तीनें घेतली. आपल्या देशांतील मुलांना तर ऑनलाइन खेळाची गोडी लागली तीच फुकट मोबाइल खेळांमुळें. सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली, आणि पुढच्या जुलैंत 'बीजीएमआय' आला, तोहि फुकटच. पुण्याच्या सुपरगेमिंग ह्या मंडळीनें ऑक्टोबर २०२४ मध्यें काढलेला 'इंडस' हा भारतीय कल्पनेवरील खेळहि फुकटच आहे. पंगत भरण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

पण गृहस्थाच्या दृष्टीनें पाहतां फुकट खेळ आणि फुकट वानगी ह्यांत मोठें अंतर आहे. वानगी म्हणते, हें पाहा, आवडलें तर एवढे पैसे द्या. किंमत आधीं कळते, आणि ती घरांतील वडील माणसाला विचारून देतां येते. फुकट खेळाची किंमत कधींच पुरी कळत नाहीं. ती पोषाखांच्या, पेटाऱ्यांच्या आणि बिल्ल्यांच्या रूपानें थेंबथेंब जाते. डिसेंबर २०२२ मध्यें अमेरिकेंतील व्यापारविषयक सरकारी आयोगानें फोर्टनाइटच्या मालकांवर, गिऱ्हाइकांकडून नकळत खरेदी करवून घेणारी मांडणी केल्याचा आरोप ठेवला, आणि २४.५ कोटि डॉलर परत करण्याची तडजोड त्यांना करावी लागली. सर्व फुकट खेळ असेच असतात असें आम्ही म्हणत नाहीं. पण एकदांच ठरलेली किंमत देऊन वस्तु घेणें ही सवय मुलांच्या अंगीं राहावी असें ज्यांना वाटतें, त्यांनीं वानगी देणाऱ्या खेळाचें मनांतून स्वागतच केलें पाहिजे.

घरच्यांसाठीं दोन शब्द

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर आम्ही असें देतों: छोटी फुकट वानगी सामुदायिक खेळ विकूं शकते, पण ती पंगतीसकट वाढली असेल तरच. सर्वांना एकाच घटकेला बोलवा, किंवा पाहुण्यांना घरच्यांच्या पंगतींत बसवा, किंवा घेणाऱ्याच्या हातूनच त्याच्या मित्राला आमंत्रण द्या. ह्यांपैकीं कांहींहि न करतां एकाकी दालनाची किल्ली वाटीत सुटणें म्हणजे आपल्या खेळाच्या ओसाडपणाची दवंडी पिटणें होय.

पालकांनीं व मुलांनींहि खरेदीपूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. वानगी पहिल्याच संध्याकाळीं न खेळतां, निघाल्यावर आठवड्यानें आणि आडवेळीं खेळून पाहावी. तेव्हां शेजारीं कोणी बसतें काय? स्टीमवर ह्या घटकेला किती माणसें खेळत आहेत हा आकडा उघड दिसतो. तो दोन तीन वेळां पाहून घ्यावा. आपले स्वतःचे तीन चार मित्र तो घेणार आहेत काय, हें विचारावें. आणि शेवटचें: स्टीमवर २०१५ पासून, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आंत आणि दोन तासांहून कमी खेळलें असेल तर पैसे परत मिळतात. त्या मुदतींतच पंगतीची परीक्षा उरकावी.

आम्हीं हें सारें भाच्याला सांगितलें, तेव्हां तो हंसला. "मामा, हें दिवाळींत सांगायला हवं होतंत." त्याचें म्हणणें रास्त होतें. पण गेल्या महिन्यांत त्याचें पत्रवजा निरोप आला. वसतिगृहांतील सात मित्रांना त्यानें तोच खेळ स्वस्ताईच्या आठवड्यांत घ्यावयास लावला आहे, आणि दर शनिवारीं रात्रीं नऊ वाजतां आठहि जण जमतात. जगांत दुसरें कोणी येत नाहीं. पण त्यांचें अडत नाहीं. जोंवर त्या मंडळीचे सर्व्हर चालूं आहेत तोंवर त्यांची पंगत चालणार. वाढपी उद्यां उठून गेला तर काय, ही काळजी आम्हांला आहेच. तूर्त मात्र पानें मांडलीं आहेत, आणि माणसें बसलीं आहेत.